चित्ताचा अभ्यास : अमळनेरचे छात्रालय आणि धुळ्याचा तुरुंग

'माइंडफुलनेस' हा शब्द अलीकडे महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर सर्रास दिसतो. मराठीत कोणी त्याला सजगता म्हणतात, कोणी अवधान. शब्दाचे मूळ आपल्याकडचेच आहे. पालीतल्या 'सति'साठी, म्हणजे संस्कृतातल्या 'स्मृती'साठी, ऱ्हिस डेव्हिड्स यांनी 1881 मध्ये हा इंग्रजी शब्द योजला. पुढे 1979 मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घ दुखण्यांच्या रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. तो रुग्णालयातून विद्यापीठांत गेला आणि तिथून कार्यशाळेच्या रूपाने आपल्याकडे परतला.

मनाच्या अस्थिरतेचा विचार खानदेशाला मात्र नवा नाही. आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या प्रदेशासाठी 1990 मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. 2018 मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. शाळेची पायरी न चढलेल्या असोद्याच्या या लेकीने उभ्या पिकात शिरणाऱ्या ओढाळ गुराच्या रूपात मन पाहिले. धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी 1893 मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन करून समर्थांच्या वाङ्मयाचे जतन आरंभले. त्या वाङ्मयातले 205 मनाचे श्लोक थेट मनालाच हाक मारतात. आपल्याच मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलायचे, ही रीत मराठी घरांत परवचेबरोबर रुजली होती.

पण विद्यार्थ्याच्या मनाची रोजची काळजी कशी घ्यायची, या प्रश्नाचे खानदेशातले सर्वांत बोलके उत्तर अमळनेरला सापडते.

प्रताप शेठ यांच्या औदार्यातून 1916 मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. पांडुरंग सदाशिव साने हा पालगडचा तरुण तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी तिथे आला. त्या वातावरणात त्याचे मन रमले नाही. 1924 मध्ये तो गावातल्या शाळेत शिक्षक झाला आणि पुढे छात्रालयाची जबाबदारीही त्याच्याकडे आली. चित्ताच्या स्वरूपाची चर्चा करणारी संस्था आणि परगावाहून आलेल्या, घराच्या आठवणीने कावऱ्याबावऱ्या झालेल्या मुलांचे छात्रालय, दोन्ही एकाच गावात. साने गुरुजींनी छात्रालय निवडले.

तिथे त्यांनी जे केले त्याला त्या काळी कोणतेही शास्त्रीय नाव नव्हते. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः आवरत, कपडे धुऊन ठेवत, आजारी मुलाच्या उशाशी बसत. रागावण्याऐवजी आपल्या कृतीने मुलाला ओशाळे करणे, ही त्यांची शिक्षा. मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. रोज सकाळी आपल्यासाठी कोणीतरी काही लिहून ठेवले आहे, ही गोष्ट परक्या गावातल्या मुलाला किती धीर देत असेल! 1928 मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिकही सुरू केले. 1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. म्हणजे ही सारी कामगिरी जेमतेम सहा वर्षांची. तिची आठवण मात्र त्या विद्यार्थ्यांनी जन्मभर बाळगली.

आजचे मानसशास्त्र 'भावनांचे नियमन' म्हणते तेव्हा त्यात प्रसंग बदलणे, लक्ष दुसरीकडे वळवणे, घटनेचा अर्थ नव्याने लावणे आणि उमटणारी प्रतिक्रिया आवरणे, अशा अनेक वाटा येतात. गुरुजी मुलाच्या भोवतीचा प्रसंगच बदलत. त्याने एकट्याने आपले मन आवरावे, ही अपेक्षा नंतरची होती.

दुसरा अध्याय धुळ्याच्या तुरुंगातला. 1932 मध्ये सत्याग्रही कैद्यांसमोर विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी एक, अशी अठरा अध्यायांची अठरा प्रवचने. विनोबा छत्तिशीचे, गुरुजी बत्तिशीचे. श्रोत्यांत जमनालाल बजाज यांच्यासारखी मंडळी होती. विनोबा बोलत आणि गुरुजी झरझर उतरवून घेत. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज आपल्या हाती आहे ते या लेखणीमुळे.

27 मार्चचे सहावे प्रवचन चित्तवृत्तिनिरोधावर आहे. आजच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्यातली मांडणी पाहण्यासारखी आहे. विनोबा चित्ताच्या एकाग्रतेबरोबरच तिला पूरक अशी जीवनाची परिमितता आणि समदृष्टी सांगतात. या साऱ्याला आधार अभ्यासाचा आणि वैराग्याचा. खाणे, झोपणे, पाहणे, ऐकणे यांना माप नसेल, तर डोळे मिटून बसल्याने चित्त ठिकाणावर येत नाही, असा त्याचा आशय. रात्री दोनपर्यंत मोबाइल आणि सकाळी दहा मिनिटे ध्यान, हा हिशेब जुळत नाही तो याचमुळे.

विनोबांचा मार्ग शिस्तीचा, गुरुजींचा जिव्हाळ्याचा. तुरुंगात हे दोन मार्ग वक्ता आणि लेखनिक म्हणून शेजारी बसले. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. तिची रचनाच पाहा : रोज रात्री श्याम आपल्या मित्रांसमोर जुने दुःख आणि जुनी लाज उघडी करतो आणि मित्र ऐकतात. भावनेला वाट देण्याची ही तऱ्हा विनोबांच्या परिमिततेहून वेगळी, पण तितकीच खरी.

इथे एक अवघड सत्य टाळून चालणार नाही. स्थितप्रज्ञाची लक्षणे ज्यांनी अक्षर न् अक्षर टिपून घेतली, शेकडो मुलांची आसवे ज्यांनी पुसली, त्या गुरुजींनी 11 जून 1950 रोजी स्वतःचे जीवन संपवले. त्याची कारणे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. हा त्यांच्या विचारांचा पराभव मानणेही अन्यायाचे. एवढे मात्र दिसते की समतेचे ज्ञान असणे आणि वेदनेच्या क्षणी ती समता हाती लागणे, या दोहोंत मोठे अंतर आहे. दुसऱ्याला आधार देणाऱ्यालाही आधार लागतो. म्हणून खचलेल्या विद्यार्थ्याला 'ध्यान कर, बरे वाटेल' एवढेच सांगून मोकळे होणे, हे अज्ञानही आहे आणि निष्ठुरपणाही.

अलीकडच्या चाचण्या काय सांगतात? केंब्रिज विद्यापीठात 616 विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि 2018 मध्ये 'लॅन्सेट'च्या सार्वजनिक आरोग्यविषयक नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, आठ आठवड्यांच्या सजगता-वर्गाला गेलेल्यांना परीक्षेच्या काळात मनस्ताप कमी जाणवला. हे विद्यार्थी स्वेच्छेने आले होते आणि विद्यापीठाची नेहमीची समुपदेशनाची सोय दोन्ही गटांना खुली होती. याउलट ब्रिटनमध्ये 11 ते 14 वयाच्या आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर झालेल्या, 2022 मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत, सजगतेचे सरसकट धडे नेहमीच्या शिकवणीहून सरस ठरले नाहीत. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. स्वेच्छा, सराव आणि पाठीशी माणूस या तीन गोष्टी असतील तर साधन कामाला येते, नसतील तर तो आणखी एक तास ठरतो. अभ्यासाशिवाय निरोध नाही, हे सहाव्या अध्यायातले सूत्र निराळ्या वाटेने पुन्हा समोर येते.

प्रश्न किती मोठा आहे, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत दिसते. 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राची संख्या सर्वाधिक होती. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले. ते योग्यच झाले. पण सातपुड्याच्या पाड्यावरून किंवा तापीकाठच्या खेड्यातून आलेला, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेला मुलगा 'समुपदेशक' अशी पाटी असलेल्या खोलीचे दार आपण होऊन ठोठावील, असे धरून चालता येत नाही. त्याच्या खोलीत कोणीतरी जावे लागते. तो दोन दिवस जेवायला आला नाही, हे कोणाच्या तरी लक्षात यावे लागते.

अवधान हा शब्द इथे उलट्या बाजूनेही वाचायला हवा. विद्यार्थ्याने आपल्या श्वासाकडे लक्ष द्यावे, हे खरेच. त्याआधी आपले त्या विद्यार्थ्याकडे लक्ष असावे. शंभर वर्षांपूर्वी अमळनेरच्या छात्रालयात खोल्या झाडणाऱ्या शिक्षकाने अवधानाचा हाच अर्थ कृतीने दाखवून दिला होता.