पोस्टाने चालणारं गिटहब: ग्रंथपालांनी धडे वाटून घेतले त्याची गोष्ट

आज थोडा इतिहास, आणि तोही कॉलेजच्या लायब्ररीचा. झोप येईल असं वाटतंय? थांबा जरा. मी दिवसभर कोड लिहितो. ओपन सोर्स ही आम्हा इंजिनिअर लोकांची मिरवायची गोष्ट. पण अमेरिकेतले ग्रंथपाल 1971पासून तसंच काहीतरी करत आलेत.

सुरुवात करू अर्लम कॉलेजपासून. इंडियाना राज्यातलं हे छोटंसं कॉलेज. इव्हान फार्बर 1962मध्ये तिथे ग्रंथालयप्रमुख झाले. नव्या मुलांना एकदा लायब्ररीतून फिरवून आणायचं, कपाटं दाखवायची, की झालं काम, ही नेहमीची रीत. (माझ्या बीटेकला तर लायब्ररी कार्ड आणि दंडाचे दर, एवढंच सांगितलं होतं!) फार्बर यांनी प्राध्यापकांना सोबत घेतलं. जीवशास्त्राच्या वर्गात निबंध लिहायला दिला, की त्या विषयाचे संदर्भ कसे शोधायचे, हे ग्रंथपाल त्याच वेळी शिकवणार.

पद्धत उत्तम, पण मेहनत किती! प्रत्येक कॉलेजने प्रत्येक विषयाची पत्रकं नव्याने लिहीत बसायचं का? 1971मध्ये ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात याला उत्तर मिळालं: लोएक्स, म्हणजे लायब्ररी ओरिएंटेशन एक्स्चेंज. आपली पत्रकं, स्वाध्याय तिथे पाठवायचे. इतरांनी ते मागवून आपल्या मुलांसाठी बदलून घ्यायचे. गिटहबच की, फक्त पोस्टाने चालणारं!

'माहिती साक्षरता' हा शब्द आला 1974मध्ये, आणि तो आणला माहिती उद्योगाच्या संघटनेचे अध्यक्ष पॉल झुरकोव्स्की यांनी. त्यांच्या डोळ्यांसमोर नोकरदार माणूस होता. ग्रंथपालांनी हा शब्द उचलला आणि विद्यार्थ्यांपर्यंत नेला.

1990च्या दशकाच्या शेवटी टेक्सास विद्यापीठाने 'टिल्ट' हा ऑनलाइन धडा बनवला. त्याचे भाग तीन: साधन निवडणं, शोधणं, पारखणं. पुढे तो खुल्या परवान्याखाली आला, आणि कोणत्याही कॉलेजला तो घेऊन बदलता येऊ लागला.

मग 2000मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेने पाच मानकं ठरवली. विद्यार्थ्याला काय काय यायला हवं, त्याची ही यादीच. पण यादीवर टिकमार्क केले म्हणून पारख येते का? 2015च्या नव्या आराखड्यात सहा मूळ कल्पना आल्या. त्यातली एक मला फार आवडते: एखाद्याचा अधिकार कुणी मान्य केलाय आणि कुठल्या संदर्भात, हे विचारायला शिका.

आज प्रश्न टाइप केला, की उत्तर हजर. म्हणून हे विचारणं जास्तच गरजेचं झालंय. पत्रकं, धडे, कोड हे सगळं एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात नेता येतं. प्राध्यापक आणि ग्रंथपाल यांनी एकत्र बसून ऐन निबंधाच्या वेळी शिकवणं मात्र प्रत्येक कॉलेजला स्वतःच उभं करावं लागतं. तुमच्या कॉलेजात हे कुणी करतं का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!