क्षार, लवण आणि साका : जबलपूरच्या जीवरसायन प्रयोगशाळेतील परिभाषेचा इतिहास

भारतीय भाषांतील वैज्ञानिक परिभाषेचा अभ्यास बहुधा कोशांच्या आधारे होतो. शब्द कोणी घडवला, कोणत्या धातूपासून घडवला, तो संस्कृतनिष्ठ की उसना, या प्रश्नांपाशी चर्चा थांबते. शब्द जेथे प्रत्यक्ष वापरला जातो ती प्रयोगशाळा या चर्चेत क्वचितच येते. पदवी अभ्यासक्रमातील जीवरसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक या दृष्टीने लक्षणीय आहे. त्यात विद्यार्थी वाचतो, ऐकतो, हाताने कृती करतो, रंग पाहतो आणि पाहिलेले लिहून काढतो. या प्रत्येक पायरीवर त्याला शब्दांची निवड करावी लागते. जबलपूरसारख्या शहरात ही निवड इंग्रजी, हिंदी आणि मराठी अशा तीन भाषांमधून होते.

जबलपूरचा मराठीशी संबंध जुना आहे. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला जिंकले. १७९८ मध्ये हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये तेथे इंग्रजी अंमल आला. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला, तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रशासनाखाली आले. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत जबलपूरची महाविद्यालयेही होती. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ, १९५६ मध्ये जबलपूर विद्यापीठ आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला झालेली राज्यपुनर्रचना, अशा टप्प्यांनी हा बंध सुटला. विदर्भ मुंबई राज्यात गेला व जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. तोपर्यंत मात्र मराठी आणि हिंदी या दोन भाषांच्या उच्च शिक्षणाचा प्रश्न एका प्रांताचा प्रश्न होता.

या द्विभाषिक परिस्थितीतच डॉ. रघुवीर यांच्या परिभाषाकार्याला आश्रय मिळाला. लाहोरहून त्यांची सरस्वती विहार ही संस्था नागपूरला आली आणि रविशंकर शुक्ल यांच्या शासनाने त्यांच्या कोशकार्याला पाठबळ दिले. संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या योगाने घडवलेली परिभाषा सर्व भारतीय भाषांना समान ठरेल, ही त्यांची भूमिका होती. हिंदी-मराठी प्रांताला ती विशेष सोयीची वाटणे स्वाभाविक होते. त्यांनी कार्बनसाठी प्रांगार, ऑक्सिजनसाठी जारक, हायड्रोजनसाठी उद्जन, नायट्रोजनसाठी भूयाति असे शब्द योजले. या रचनेतील तर्कशुद्धता नाकारता येत नाही. परंतु हे शब्द मोकळ्या जागेत येत नव्हते. मराठीत रसायनविषयक लेखनाची परंपरा त्यापूर्वी शंभर वर्षांची होती. जेन मार्सेट यांच्या रसायनविषयक संवादांचे हरि केशवजी यांनी केलेले मराठी रूपांतर एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकातील आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ मध्ये मराठीतून वैद्यकाचा वर्ग सुरू झाला होता. आणि केतकरांच्या ज्ञानकोशात कर्ब, नत्र, उज्ज हे शब्द सहजपणे येतात. ज्या वाचकाला कर्ब परिचित होता, त्याला प्रांगाराची गरज भासली नाही.

जीवरसायनाच्या प्रात्यक्षिकात याहून वेगळा शब्दसंग्रह लागतो. जबलपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५५ चे आणि जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय १९६४ चे. वैद्यक, कृषी वा विज्ञान अशा कोणत्याही शाखेचा विद्यार्थी असो, त्याला आरंभी कर्बोदके आणि प्रथिने ओळखण्याच्या गुणात्मक कसोट्या कराव्या लागतात. मोलिश कसोटीत दोन द्रवांच्या सीमेवर जांभळे कडे दिसते. बाययुरेट कसोटीत प्रथिनाच्या द्रावणाला जांभळट छटा येते. आयोडिनने पिष्ट निळे-काळे होते आणि त्यात लाळ मिसळून ठेवल्यास तो रंग हळूहळू नाहीसा होतो. ओसाझोनचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना तर उपमाच परिभाषेचे काम करतात : ग्लुकोजचे स्फटिक सुयांच्या जुडीसारखे, माल्टोजचे सूर्यफुलासारखे, लॅक्टोजचे कापसाच्या बोंडासारखे. शेजारी बसणाऱ्या विद्यार्थ्याला काय दिसले हे सांगताना कोणत्याही कोशाची मदत लागत नाही.

नोंदवहीत मात्र प्रयोग, निरीक्षण आणि अनुमान असे तीन स्तंभ आखलेले असतात आणि तेथील वाक्यरचना ठरलेली असते. इंग्रजी नोंदवहीत कर्ता लोपतो आणि कर्मणी प्रयोग येतो. हिंदी पाठ्यपुस्तकांत ‘लेते हैं’, ‘गरम करते हैं’ अशी नित्य वर्तमानकाळाची रूपे आढळतात; त्यांत करणारा ‘हम’ अध्याहृत असतो. मराठीत ‘द्रावण घ्यावे’, ‘उकळावे’ असे विध्यर्थी रूप येते किंवा ‘घेतले’, ‘उकळले’ असे भूतकाळी रूप येते. यांतील ‘घ्यावे’ हे रूप मराठी वाचकाला पाककृतीतून आणि वैद्यकाच्या ग्रंथांतून परिचित आहे. एकाच कृतीची ही तीन रूपे तीन कथनपरंपरांशी जोडलेली आहेत. तुलनात्मक अभ्यासाला शब्दांइतकेच हेही साहित्य महत्त्वाचे आहे.

बेनेडिक्ट कसोटीच्या उदाहरणाने मूळ प्रश्न स्पष्ट होतो. मोरचूद, सोडियम कार्बोनेट आणि सोडियम सायट्रेट यांपासून केलेल्या निळ्या विक्रियाकारकाच्या ५ मिलिलिटरमध्ये लघवीचे ८ थेंब टाकून ते उकळतात. साखर नसल्यास रंग निळाच राहतो. तिच्या प्रमाणानुसार तो हिरवा, पिवळा, नारिंगी होत जातो आणि शेवटी वीटकरी साका बसतो. मोरचुदातील तांब्याचे साखरेमुळे क्षपण होऊन क्युप्रस ऑक्साइड तयार होते. त्यासाठी माध्यम अल्कधर्मी असावे लागते आणि ते काम कार्बोनेट करते. हिंदी पुस्तक या माध्यमाला ‘क्षारीय’ म्हणते, कारण हिंदीत क्षार म्हणजे अल्कली आणि सॉल्ट म्हणजे लवण. महाराष्ट्राच्या शालेय पाठ्यपुस्तकांत मात्र सॉल्टला क्षार म्हणतात, तर आम्लाच्या विरुद्ध गटाला आम्लारी असे नाव आहे. मराठी शालेय परिभाषा जाणणाऱ्या विद्यार्थ्याने जबलपूरच्या बाकावर ‘क्षारीय माध्यम’ हे शब्द ऐकले, तर त्याला मिठाचे पाणी अभिप्रेत आहे असे वाटण्याचा संभव आहे. तसे झाले तर कसोटीचे तत्त्वच चुकते. शब्द एक, मूळ संस्कृत एक, लिपीही एक; अर्थ मात्र वेगळे झाले आहेत. याउलट मराठी विश्वकोशाने सॉल्टसाठी लवण हाच शब्द स्वीकारला आहे. म्हणजे मराठीच्या अंतर्गतही ही फूट आहे. समान धातूमुळे समान परिभाषा आपोआप निर्माण होईल, या गृहीतकाचा पुनर्विचार येथे करावा लागतो.

‘साका’ या शब्दाचा प्रवास वेगळा आहे. द्रवाच्या तळाशी बसणाऱ्या गाळाला मराठीत साका म्हणतात. विश्वकोशाने तोच शब्द रसायनातील प्रेसिपिटेटसाठी वापरला, तर पाठ्यपुस्तकांनी हिंदीप्रमाणे अवक्षेप पसंत केला. अवक्षेपामुळे दोन भाषांत संवाद सुलभ झाला. साका या शब्दाने परीक्षानळीच्या तळाशी दिसणारी वस्तू डोळ्यांपुढे आणली. दोन्ही निवडींना समर्थन आहे, परंतु त्यांची कार्ये भिन्न आहेत.

जुन्या प्रांताचा ठसा प्रयोगशाळेपेक्षा शेतात अधिक टिकलेला दिसतो. महाराष्ट्रातील खतांच्या शिफारशींत नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द आजही चालतात. मध्य प्रदेशच्या कृषिविषयक हिंदीत नत्रजन, स्फुर, पोटाश असे त्रिक रूढ आहे. स्फुरद आणि स्फुर यांचे साम्य उघड आहे. खताचे प्रमाण ठरवण्यासाठी शेतकऱ्याला हे शब्द रोज लागले, म्हणून ते टिकले. भूयाति मात्र कोणाच्याही रोजच्या व्यवहारात शिरला नाही.

केंद्र शासनाने १९६१ मध्ये स्थापन केलेल्या वैज्ञानिक आणि तांत्रिक शब्दावली आयोगाने मूलद्रव्यांची आंतरराष्ट्रीय नावे कायम ठेवली. पुढे १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्ये वैद्यकीय पदवीच्या प्रथम वर्षाची तीन हिंदी पुस्तके प्रसिद्ध झाली : शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. त्यांत बहुतेक संज्ञा इंग्रजीच आहेत, लिपी तेवढी देवनागरी आहे. राज्यातील वैद्यकीय शिक्षणाचे आयुर्विज्ञान विद्यापीठ जबलपूरला असल्याने या प्रयोगाचा संबंध पुन्हा त्याच शहराशी येतो. रघुवीरांच्या भूमिकेपासून हे दुसरे टोक आहे. संज्ञा न बदलता वाक्य आपले ठेवण्याचा हा मार्ग वर्गात प्राध्यापक बहुधा पूर्वीपासूनच अनुसरत आले होते. पुस्तकाने त्याला मान्यता दिली.

परंतु संज्ञा इंग्रजी ठेवल्याने प्रश्न संपत नाही. बेनेडिक्ट कसोटीत ग्लुकोज हा शब्द कोणालाही अडवत नाही. अडवतो तो ‘क्षारीय’. म्हणजे अडचण परक्या नावांत कमी आणि सर्वांना आपल्या वाटणाऱ्या साध्या शब्दांत अधिक आहे. नव्या पाठ्यपुस्तकांच्या संपादकांनी, आणि मराठीतून वैद्यक शिकवू इच्छिणाऱ्यांनीही, प्रथम या शब्दांची भाषावार छाननी करणे आवश्यक आहे. जबलपूरच्या प्रयोगशाळेत तयार होणारा विद्यार्थी पुढे रुग्णाच्या लघवीची तपासणी करणार असतो. तेथे निळ्या आणि वीटकरी रंगांमधील भेद त्याला अचूक वाचता आणि सांगता यावा लागतो.