भुई, काठी आणि साप

साप साप म्हणून भुई धोपटणे ही आपली जुनी म्हण. प्रत्यक्षात साप निघाला म्हणजे मात्र भुई सुटते आणि काठी त्याच्याच पाठीत बसते. तो विषारी होता काय, ही चौकशी मागाहून होते. ती आधी व्हावी, या धडपडीला सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे.

पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश डॉक्टर १७८५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्गशास्त्रज्ञ झाला. लोकांना विषारी व बिनविषारी साप वेगळे ओळखता यावेत, हा ध्यास घेऊन त्याने साप गोळा केले, त्यांच्या विषाचे प्रयोग कुत्र्या-कोंबड्यांवर केले आणि १७९६ मध्ये सचित्र ग्रंथ काढला. आपल्या घोणसीला इंग्रजीत आजही त्याचेच नाव आहे. पुढे १८७२ साली जोसेफ फेअरर याने भारतातील विषारी सापांचा रंगीत चित्रांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच शतकात सरकार विषारी साप मारणाऱ्यास इनाम देऊ लागले; कोकणात फुरशांवर असे इनाम होते. ज्ञान आणि काठी अशी बरोबरीने चालली होती.

१८९५ च्या सुमारास फ्रान्समध्ये काल्मेतने घोड्याच्या रक्तातून प्रतिविष मिळवले. पुढे परळच्या हाफकिन संस्थेतही ते तयार होऊ लागले. आज मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषावर चालते. त्यामुळे दंश झाल्यावर साप धरून इस्पितळात नेण्याचे कारण उरले नाही. डॉक्टर लक्षणे पाहून उपचार ठरवतात. मग ओळखीचा उपयोग काय? तो दंशाच्या आधी आहे.

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीचेच पाहा. ओतशाळा आणि कारखाने झाले, तरी भोवतीच्या शिवारातला ऊस गेला नाही. उसात उंदीर, उंदरांमागे धामण, आणि पाठोपाठ नागही. धामण दिसायला लांबलचक, पण तिला फणा नाही. तिच्या ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतात. मण्यार निळसर काळी; तिचे पांढरे पट्टे बहुधा जोडीने येतात आणि शेपटीकडे ठळक होतात. बिनविषारी कवड्या तपकिरी. त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. घोणसीच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. डुरक्या घोणस मात्र नावाचीच घोणस, विषाचा थेंबही नाही.

अर्थात या खुणा लांबून पाहायच्या. शंका राहिली तर साप विषारीच समजावा, दूर व्हावे आणि जाणत्या सर्पमित्राला बोलवावे. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्यास चावते. दंश पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून संशय आला तरी चावलेला अवयव हलू न देता तडक इस्पितळ गाठावे. कापणे, चोखणे, मंत्र, सारे वेळ घालवणारे.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने सापांना संरक्षण दिले. कायद्याचा हात मात्र प्रत्येक शेडच्या मागे पोहोचत नाही. तेथे उपयोगी पडते ती रसेलने मागितलेली ओळख. ती असली म्हणजे धामण वाचते, तिच्यामुळे उंदीर आटोक्यात राहतात, आणि माणूसही नागापासून चार पावले दूर उभा राहतो.