अल्फाफोल्डच्या आधीची २२ वर्षं : मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनचा आकार कसा शोधला?

'एआयने प्रोटीनचं कोडं सोडवलं' ही बातमी तुम्ही फोनवर कधीतरी वाचली असेल. अल्फाफोल्ड या एआय मॉडेलसाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे मला पहिला प्रश्न पडला तो हा की, या मॉडेलला ट्रेनिंग डेटा कुठून मिळाला? उत्तर शोधता शोधता मी मॅक्स पेरुट्झ यांच्यापर्यंत पोहोचलो.

आकाराला एवढं महत्त्व का?

प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ती वळून, दुमडून एक ठरावीक आकार घेते आणि त्या आकारावर तिचं काम ठरतं. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये ४ साखळ्या आणि एकूण ५७४ अमिनो आम्लं असतात.

हॉस्टेलवर माझा एक मित्र होता, गडचिरोलीचा. त्याला सिकलसेल आहे. दुखणं सुरू झालं की पेपर बुडायचा. कारण काय, तर बीटा साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदललेलं. हा बदल आई-वडील दोघांकडून आला, तर ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. कोडमध्ये एक अक्षर चुकावं आणि सगळं ॲप क्रॅश व्हावं, तसंच. हा नेमका बदल १९५६ मध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी शोधला, तोही केंब्रिजमध्ये पेरुट्झ यांच्याच गटात काम करताना.

पेरुट्झ कोण होते?

जन्म १९१४, व्हिएन्ना. १९३६ मध्ये ते संशोधनासाठी इंग्लंडला केंब्रिजमध्ये आले आणि १९३७ मध्ये हिमोग्लोबिनचं काम हाती घेतलं. १९४० मध्ये, युद्ध सुरू असताना, 'शत्रू देशाचा नागरिक' म्हणून ब्रिटिशांनी त्यांना पकडून थेट कॅनडाच्या छावणीत पाठवलं. सुटून आल्यावर त्यांनी काम पुन्हा सुरू केलं.

अडचण नेमकी कुठे होती?

पद्धत अशी : प्रोटीनचे स्फटिक तयार करायचे, त्यांच्यावर एक्स-रे सोडायचे आणि फिल्मवर उमटलेले ठिपके मोजायचे. ठिपका किती गडद आहे हे कळतं, पण लहरींची 'फेज' फिल्मवर येत नाही. फेजशिवाय ठिपक्यांवरून आकार काढता येत नाही. म्हणजे अर्धा डेटा गायबच!

तोडगा १९५३ मध्ये निघाला. पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनला पाऱ्याचे जड अणू जोडले आणि ठिपक्यांची आधीच्या फोटोंशी तुलना केली. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन फाइल्सचा 'डिफ' काढला. त्या फरकावरून फेज काढता आली.

मग प्रचंड आकडेमोड आली. त्यांचे सहकारी जॉन केंड्रू यांनी मायोग्लोबिनसाठी केंब्रिजचा एडसॅक कॉम्प्युटर वापरला. त्याची मेमरी २ केबीच्या आसपास! आज तुमच्या व्हॉट्सॲपवरचा एक स्टिकरही त्यात मावणार नाही.

१९५९ मध्ये घोड्याच्या हिमोग्लोबिनचा ढोबळ आराखडा तयार झाला. सुरुवात केल्यापासून २२ वर्षांनी! १९६२ मध्ये पेरुट्झ आणि केंड्रू यांना नोबेल मिळालं. पेरुट्झ मात्र तिथे थांबले नाहीत. ऑक्सिजन पकडताना आणि सोडताना या रेणूचा आकार कसा बदलतो, हे त्यांनी १९७० मध्ये मांडलं. २००२ मध्ये त्यांचं निधन झालं.

अल्फाफोल्डशी संबंध काय?

१९७१ मध्ये 'प्रोटीन डेटा बँक' सुरू झाली. जगभरातल्या प्रयोगशाळांनी शोधलेले आकार तिथे जमा होत गेले. आज ती संख्या २ लाखांच्या पुढे आहे. अल्फाफोल्ड याच डेटावर शिकलं आणि आता त्याच्या डेटाबेसमध्ये २० कोटींहून जास्त प्रोटीनचे अंदाज आहेत. पण ते अंदाज आहेत, हे विसरू नका. खात्री करायची तर प्रयोगच करावा लागतो.

फोनवर स्वतः बघा

ब्राउझरमध्ये प्रोटीन डेटा बँक उघडा. सर्चमध्ये ४ हा आकडा आणि पुढे एच, एच, बी ही अक्षरं इंग्रजीत टाका. माणसाचं हिमोग्लोबिन थ्रीडीमध्ये दिसेल, बोटाने फिरवता येईल. खाते उघडायची गरज नाही, पैसेही लागत नाहीत. आणि ज्यांनी हा आकार जमा केला, त्यांच्या नावांत पेरुट्झ हे नावही दिसेल.