शेठजींची बग्गी आणि श्रावकधर्म

एकोणिसाव्या शतकातील मुंबईत पेढीवरची गादी आणि लोड सर्वांचे सारखेच असत. शेठजींची ऐपत कळे ती दारातल्या गाडीवरून. शिग्राम बाळगणारा खाऊनपिऊन सुखी, फेटन किंवा लँडो बाळगणारा धनिक आणि जोडी अरबी असली तर विचारावयासच नको! अरबी घोडे आखातातून येत, तर ‘वेलर’ ऑस्ट्रेलियातून जहाजाने उतरत. कोचवान, मोतद्दार, तबेला, दाणावैरण आणि वर चाकपट्टी, असा हा खर्चाचा थाट होता. तो निव्वळ हौसेचा होता, असे मात्र म्हणवत नाही. १८३३ साली स्थापन झालेल्या भायखळा क्लबाचे दार हिंदी माणसाला बंद होते. रस्ता मात्र कोणास बंद करता येत नव्हता. त्या रस्त्यावर साहेबाच्या गाडीशेजारून आपली गाडी नेणे, यात स्वाभिमानाचाही अंश होता.

धर्मकार्यातही गाडी लागेच. शेठ मोतीशांनी १८२८ मध्ये भायखळ्यास उभारलेले आदीश्वर मंदिर तेव्हा दाट वस्तीपासून दूर होते. कार्तिकी पौर्णिमेस शत्रुंजयाची भावना धरून भाविक तेथे लोटत.

परंतु श्रावकाला हे वैभव सोपे नव्हते. प्राण्यास बांधणे, मारणे, त्याचा अवयव छेदणे, त्यावर अतिभार लादणे व त्याचे अन्नपाणी रोखणे हे अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार. चाबूक आणि लगाम त्यांतून कसे सुटावेत? गाड्या घडवून विकणे व भाड्याने चालविणे यांची गणना तर पंधरा कर्मादानांत केलेली आहे. नित्याच्या चौदा नियमांतही ‘वाहन’ आहेच. आज किती वाहनांचा उपयोग करीन, ही मर्यादा श्रावकाने सकाळीच घालावयाची. दारी जोडी उभी असलेल्याला हा नियम अधिक जड जात असणार.

याच मोतीशा शेठांनी सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासह १८३४ मध्ये मुंबई पांजरापोळ स्थापिली. भटक्या कुत्र्यांच्या हत्येवरून १८३२ मध्ये उसळलेला दंगा हे तिचे निमित्त. पुढे गायीबैलांबरोबर थकलेल्या घोड्यांनाही तेथे आसरा मिळू लागला. धनिकाच्या दारातील प्रतिष्ठेचे हे दुसरे टोक स्मरणिकांत क्वचितच येते.

विसाव्या शतकात तबेल्यांची गॅरेजे झाली. सोलापूरच्या जैन घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. तोवर चौदा नियमांतील ‘वाहना’त मोटारही मोजली जाऊ लागली होती.