सागराची शाळा : एलिझाबेथ मान बोर्जेसे

ऑस्ट्रियाला वीतभरही समुद्रकिनारा नाही. तरीही १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा परिषदेत, ऑस्ट्रियाच्या शिष्टमंडळात साठीकडे झुकलेली एक स्त्री बसत असे. सागरतळाविषयी तिच्याइतक्या तपशिलाने बोलू शकणारी माणसे त्या सभागृहात मोजकीच होती. ती ऑस्ट्रियाची नागरिक नव्हती. तिच्याजवळ कायद्याची पदवी नव्हती आणि सागरविज्ञानाचीही नव्हती. तिचे रीतसर शिक्षण झाले होते ते पियानोवादनाचे.

सागरी धोरण, किनारपट्टी व्यवस्थापन, सागरशिक्षण हे विषय आज अनेक विद्यापीठांत शिकवले जातात आणि त्यांच्या आधारावर माणसे नोकरी करतात. अर्धशतकापूर्वी असा व्यवसाय जवळजवळ नव्हताच. तो ज्यांनी घडवला त्यांच्यात एलिझाबेथ मान बोर्जेसे यांचे नाव फार वर घ्यावे लागते. गंमत अशी, की ज्या कल्पनेसाठी त्यांनी आयुष्य वेचले ती जगाने बरीचशी छाटून टाकली. टिकली ती त्यांची शाळा.

२४ एप्रिल १९१८ रोजी म्युनिक येथे त्यांचा जन्म झाला. कादंबरीकार टोमास मान यांच्या सहा अपत्यांपैकी हे पाचवे, आणि वडिलांचे विशेष लाडके. १९२९ साली वडिलांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९३३ साली हिटलर सत्तेवर येताच कुटुंबाला देश सोडावा लागला. एलिझाबेथ यांचे संगीतशिक्षण झुरिचमध्ये पूर्ण झाले. पुढे मान कुटुंब अमेरिकेत गेले. तेथे १९३९ साली त्यांनी आपल्याहून ३६ वर्षांनी मोठ्या असलेल्या जुझेप्पे अंतोनिओ बोर्जेसे या फॅसिस्टविरोधी इटालियन साहित्यसमीक्षकाशी विवाह केला. निर्वासितांच्या या पिढीला राष्ट्र-राज्य या वस्तूविषयी फारसे प्रेम उरलेले नव्हते, हे पुढील सारे समजण्यासाठी ध्यानात ठेवायला हवे.

हिरोशिमानंतर शिकागो विद्यापीठात रॉबर्ट हचिन्स यांच्या अध्यक्षतेखाली जागतिक राज्यघटनेचा मसुदा करणारी एक समिती बसली. जुझेप्पे बोर्जेसे तिचे चिटणीस होते आणि एलिझाबेथ त्या कामात पूर्णपणे गुंतलेल्या होत्या. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या या मसुद्यात भूमी, जल, वायू आणि ऊर्जा ही चार तत्त्वे मानवजातीची सामाईक संपत्ती मानली होती. शीतयुद्धाच्या थंडीत असला कागद कोण वाचणार? तो कपाटात गेला. १९५२ साली जुझेप्पे वारले. दोन मुलींची आई असलेल्या एलिझाबेथ इटलीत संपादनाची कामे करीत राहिल्या, स्त्रियांच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि आपल्या कुत्र्याला खास बनवलेल्या टंकयंत्रावर अक्षरे दाबायलाही शिकवले. १९६४ मध्ये हचिन्स यांनी त्यांना कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील आपल्या अभ्यासकेंद्रात बोलावून घेतले. वय ४६. समुद्राशी संबंध खिडकीपुरता.

त्या वेळी सागरी कायद्याची अवस्था काय होती? सतराव्या शतकात डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस यांनी खुल्या समुद्राचा सिद्धांत मांडला होता. समुद्र कोणाचाच नाही; किनाऱ्यालगतची काही मैलांची पट्टी तेवढी त्या त्या देशाची. ही घडी १९४५ साली अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी मोडली. त्यांनी आपल्या समुद्रबूड जमिनीतील, म्हणजे पाण्याखाली गेलेल्या भूखंडाच्या कडेवरील, खनिजांवर हक्क सांगितला आणि मागोमाग इतरांनीही. १९५८ च्या जिनेव्हा परिषदेने समुद्रबूड जमिनीची व्याख्या केली, पण तिच्यात एक चमत्कारिक पळवाट ठेवली: २०० मीटर खोलीपर्यंत, किंवा त्यापलीकडे जेथपर्यंत खनिजे काढता येतील तेथपर्यंत. याचा सरळ अर्थ असा, की ज्याच्याकडे यंत्रसामग्री अधिक त्याची हद्द मोठी.

या पळवाटेवर बोट ठेवले माल्टाने, म्हणजे स्वतंत्र होऊन अवघी तीन वर्षे झालेल्या एका चिमुकल्या बेटाने. १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टाचे राजदूत आर्विद पार्दो संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या समितीपुढे उभे राहिले आणि काही तास बोलत राहिले. खोल सागरतळावर बटाट्याएवढे काळे गोळे पसरलेले आहेत, त्यांत मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट आहे. बलाढ्य राष्ट्रे उद्या तेथे खाणी काढतील, शस्त्रे बसवतील. तेव्हा राष्ट्रीय हद्दीपलीकडचा सागरतळ हा मानवजातीचा सामाईक वारसा मानावा, अशी त्यांची मांडणी होती. गायरान ही कल्पना ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजणे कठीण नाही. गायरान कोणाच्या सातबाऱ्यावर नसते, पण म्हणून ते बेवारशीही नसते. ग्रोशियसचा समुद्र बेवारशी होता. पार्दोंना तो गायरान करायचा होता.

सांता बार्बरात हे भाषण वाचताना एलिझाबेथ यांना शिकागोचा मसुदा आठवला नसता तरच नवल. जमिनीवर जे जमले नाही ते पाण्यावर जमू शकेल, कारण तेथे अजून कुंपणे पडलेली नव्हती. त्या सागरी कायदा शिकू लागल्या आणि १९६८ साली सागराच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा त्यांचा आराखडा प्रसिद्धही झाला. १९७० च्या उन्हाळ्यात त्यांनी माल्टात ‘पाचेम इन मारिबुस’, म्हणजे ‘सागरांवर शांती’, या नावाची परिषद भरवली. मुत्सद्दी, शास्त्रज्ञ, कायदेपंडित, नौदलाचे अधिकारी, मत्स्यव्यवसायाचे जाणकार एका छताखाली आले. एरवी ही मंडळी एकमेकांची भाषणे ऐकत नसत. त्याच वर्षी १७ डिसेंबरला आमसभेने सामाईक वारशाचे तत्त्व घोषणापत्राद्वारे स्वीकारले. १९७२ साली माल्टाच्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय महासागर संस्था स्थापन झाली. दरम्यान माल्टात सरकार बदलले आणि पार्दोंचे राजदूतपद गेले. ज्या देशाच्या नावाने ही कल्पना जगापुढे आली त्याच देशाने तिच्या कर्त्याला घरी बसवले.

१९७३ च्या डिसेंबरात तिसरी सागरी कायदा परिषद सुरू झाली आणि नऊ वर्षे चालली. तेथे घडले ते मात्र एलिझाबेथ यांच्या मनाविरुद्ध. लॅटिन अमेरिका आणि आफ्रिकेतील नवस्वतंत्र राष्ट्रांना मानवजातीचा वारसा मान्य होता, पण त्याआधी त्यांना आपल्या दारातले मासे हवे होते. परदेशी जहाजे ते खरवडून नेत होती. म्हणून २०० सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्राची मागणी पुढे आली आणि ती अटळ ठरली. भारताने तर परिषद संपण्याची वाट न पाहता १९७६ सालीच सागरी क्षेत्रांचा कायदा करून सुमारे २० लाख चौरस किलोमीटरांच्या समुद्रावर आपला हक्क नोंदवला. गायरानाची उत्तम जमीन अशी वाटून गेली. उरला तो अंधारा तळ आणि ते काळे गोळे. पार्दो निराश झाले. एलिझाबेथ निराश होणाऱ्यांपैकी नव्हत्या. कदाचित हा त्यांचा गुण होता तसाच दोषही, कारण आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाकडून त्यांनी बाळगलेल्या अपेक्षा आज भाबड्या वाटतात.

पण एक गोष्ट त्यांनी बहुतेकांच्या आधी हेरली. मसुद्यातील कलमे वाचली तर दिसते, की नवे हक्क फुकट मिळणारे नव्हते. कलम ६१ म्हणते, किनारी राष्ट्राने आपल्या क्षेत्रात किती मासे पकडणे योग्य आहे हे ठरवावे. कलम ६२ म्हणते, त्यातले जितके स्वतःला पकडता येत नाहीत तितके इतरांना पकडू द्यावेत. हे ठरवायचे तर माशांच्या साठ्याची मोजदाद हवी, जहाज हवे, सांख्यिकी जाणणारा माणूस हवा. ज्या देशाकडे तो नाही त्याच्या वतीने आकडा कोण सांगणार? मासे न्यायला आलेलाच सांगणार. कलम ७६ आणखी अवघड. समुद्रबूड जमीन २०० मैलांपलीकडे जात असेल तर खंडान्त उताराचा पायथा कोठे आहे, गाळाचे थर किती जाड आहेत, हे पुराव्यानिशी सिद्ध करायचे होते. वकिलाला भूशास्त्र कळत नाही, भूशास्त्रज्ञाला तहाची भाषा कळत नाही आणि मंत्रालयात या दोघांचे टिपण वाचून निर्णय घेणाऱ्याला बहुधा दोन्ही कळत नाही. नव्या राष्ट्रांना समुद्र मिळाला होता, त्याचे कारभारी मिळाले नव्हते.

यातून शाळा निघाली. एलिझाबेथ १९७८ मध्ये कॅनडातील हॅलिफॅक्सच्या डलहौझी विद्यापीठात आल्या आणि तेथेच प्राध्यापक झाल्या. हॅलिफॅक्सजवळ सॅम्ब्रो येथे समुद्राला टेकलेल्या घरात त्या आपल्या कुत्र्यांसह राहत. १९८० च्या दशकाच्या आरंभी महासागर संस्थेचे प्रशिक्षणवर्ग माल्टात आणि हॅलिफॅक्सला सुरू झाले. ते ताज्या पदवीधरांसाठी नव्हते. विकसनशील देशांच्या सरकारांत मधल्या फळीत काम करणारे अधिकारी त्यांना हवे होते: परराष्ट्र खात्यातला, मत्स्य खात्यातला, बंदरातला, नौदलातला. उद्याची फाइल ज्याच्या मेजावर येणार तो. त्यांना कित्येक आठवडे एकत्र बसवून सागरविज्ञान, कायदा, मत्स्यव्यवसाय, नौवहन, प्रदूषण आणि किनाऱ्याचे नियोजन हे सारे शिकवले जाई. २०० मैलांची कुंपणे नकोत म्हणणारी ही बाई त्या कुंपणांच्या आतला कारभार शिकवू लागली होती. यात विसंगती शोधणाऱ्यांनी शोधावी. कुंपण पडल्यावर आतले शेत ओसाड पडू देण्यात कोणते तत्त्व राखले गेले असते, हे सांगणे अवघड आहे. पुढे संस्थेची केंद्रे अनेक देशांत निघाली. त्यांपैकी एक मद्रासच्या आयआयटीत होते.

हाताशी तयार माणसे असली तर काय साधते, हे त्याच काळात भारताने स्वतःच्या बळावर दाखवले. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावला येथे स्थिरावली होती. तिच्या ‘गवेषणी’ या संशोधन जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी खोल तळावरचे ते काळे गोळे वर काढले. त्याच वर्षी दिल्लीत महासागर विकास विभाग निघाला आणि समुद्रविज्ञान संस्थेचे संचालकपद भूषवलेले सय्यद झहूर कासिम त्याचे सचिव झाले. डिसेंबरात त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली. एका शास्त्रज्ञाने धोरणकर्त्याच्या खुर्चीत बसणे, ही आपल्याकडे विरळा गोष्ट. सागरी कायद्याच्या वाटाघाटीत सागरतळाचे ‘आद्य गुंतवणूकदार’ कोण, हे ठरवण्याची वेळ आली तेव्हा फ्रान्स, जपान आणि सोव्हिएत रशिया यांच्या जोडीला भारताचे नाव लागले. १९८७ साली अशी पहिली नोंदणी झाली ती भारताची: मध्य हिंदी महासागरातील दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी. त्या बदल्यात इतर विकसनशील देशांच्या माणसांना प्रशिक्षण देण्याचे बंधनही भारतावर आले.

सागरी कायद्यावर ३० एप्रिल १९८२ रोजी मतदान झाले. १३० अनुकूल, ४ प्रतिकूल, १७ तटस्थ. प्रतिकूल चारांत अमेरिका होती. सागरतळाची सामाईक व्यवस्था रेगन सरकारला मान्य नव्हती. १० डिसेंबरला जमैकात माँटेगो बे येथे ११९ सह्या झाल्या, पण कायदा अमलात यायला १६ नोव्हेंबर १९९४ उजाडावा लागला. त्याआधी काही महिने श्रीमंत देशांना राजी करण्यासाठी आणखी एक करार झाला आणि त्याने सागरतळाच्या प्रकरणातला जीव बराचसा काढून घेतला. विकसनशील देशांना तंत्रज्ञान देण्याची सक्ती गेली; हवे असेल तर त्यांनी ते बाजारभावाने घ्यावे, असे ठरले. एलिझाबेथ यांनी या करारावर सडकून टीका केली. ते गोळे तर आजही तळावरच आहेत. खोल समुद्रातले व्यापारी खाणकाम अद्याप सुरू झालेले नाही.

आयुष्याच्या अखेरपर्यंत त्या शिकवत आणि लिहीत राहिल्या. ८ फेब्रुवारी २००२ रोजी स्वित्झर्लंडमध्ये सेंट मॉरिट्झ येथे वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जर्मनीच्या एका संशोधन जहाजाला आता त्यांचे नाव आहे.

त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी कलम ७६ ची मुदत जवळ आली. विस्तारित समुद्रबूड जमिनीवरचे दावे बहुसंख्य देशांना मे २००९ पर्यंत दाखल करायचे होते. भारताने आपला दावा त्या महिन्याच्या ११ तारखेला दाखल केला. परंतु कित्येक गरीब देशांकडे सर्वेक्षण करणारी जहाजे नव्हती आणि दावा लिहिणारी माणसेही नव्हती. अखेर जून २००८ मध्ये सदस्य राष्ट्रांना ठराव करून सवलत द्यावी लागली: संपूर्ण दावा जमत नसेल तर तूर्त प्राथमिक माहितीचा कागद द्यावा, मुदत पाळली असे मानले जाईल. अनेक देशांनी तेवढाच कागद दिला.