एक एडिटर, अनेक खाती : प्रोग्रामरच्या ओळखीचा पूर्वेतिहास

एकाच प्रोग्रामरने एकाच कोड एडिटरमध्ये कचेरीचे एक व खासगी एक अशी दोन खाती चालवावी, ही गोष्ट वरवर पाहता केवळ सोयीची व म्हणून इतिहासाच्या अभ्यासकास फारशी लक्षणीय न वाटणारी आहे. वस्तुतः तिच्यामागे एक जुना प्रश्न उभा आहे : यंत्रासमोर बसलेली व्यक्ती, तिने हाती घेतलेले काम, आणि ते काम ज्याच्या अधिकाराने चालते तो धनी, ही तिन्ही एकाच नावाने ओळखावयाची की निरनिराळ्या नावांनी? संगणकाच्या गेल्या सहा दशकांत ह्या प्रश्नाची उत्तरे पुनःपुन्हा बदलली आहेत, आणि ती नेहमीच पुढे गेली असे म्हणता येत नाही.

प्रथम 'खाते' ह्या शब्दाविषयी. मराठीत तो जमाखर्चाच्या वहीतून आला, आणि इंग्रजीतील प्रतिशब्दाचा संसारही हिशेबाचाच आहे. संगणकाच्या क्षेत्रात हा शब्द रूपकाने आला असे समजण्याचे कारण नाही. आरंभी तो अक्षरशः हिशेबच होता. १९६१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील एम. आय. टी. ह्या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी सी. टी. एस. एस. ह्या प्रणालीचे प्रथम प्रात्यक्षिक दाखविले. एका महागड्या यंत्राचा वेळ अनेकांत वाटून द्यावयाचा, तर कोणी किती वेळ घेतला ह्याची नोंद ठेवणे क्रमप्राप्तच होते. वाटणी आली की चोरीही येते. १९६२ साली ॲलन शेर ह्या संशोधक विद्यार्थ्याने आपल्या वाट्याचा वेळ अपुरा पडतो म्हणून सर्वांच्या पासवर्डांची फाइल छापून घेतली. ही हकीकत पुढे त्यांनी स्वतःच सांगितली आहे. तात्पर्य, खाते ही व्यक्तीची ओळख नव्हती. तो तिच्या नावे मंजूर झालेला वेळ होता.

त्याच प्रणालीवर साठच्या दशकात घडलेला एक प्रसंग प्रस्तुत विषयाशी इतका निगडित आहे की तो विस्ताराने सांगणे इष्ट होईल. कॉर्बातो ह्यांना १९९० चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले, तेव्हाच्या व्याख्यानातही त्यांनी त्याचा उल्लेख केला आहे. एके दिवशी दुपारी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर नेहमीच्या सूचनेऐवजी सर्व उपयोजकांचे पासवर्ड उमटू लागले. शोध घेता कारण असे आढळले : प्रणालीचे दोन व्यवस्थापक एकाच वेळी काम करीत होते. एक जण दैनंदिन सूचनेची फाइल दुरुस्त करीत होता, दुसरा पासवर्डांची. एडिटर काम करताना एक तात्पुरती फाइल निर्माण करी व तिचे नाव ठरलेले असे, कारण एका निर्देशिकेत एका वेळी एकच मनुष्य काम करील असे रचनाकारांनी गृहीत धरले होते. व्यवस्थापकांचे खाते मात्र सामायिक होते. साहजिकच दोघांच्या तात्पुरत्या फाइली एकमेकींच्या जागी गेल्या. एडिटरने सांगितल्याप्रमाणेच काम केले. चुकीचे होते ते त्यातले गृहीतक, की खाते एक म्हणजे माणूस एक. आज आपल्यापुढे नेमकी उलट स्थिती आहे. माणूस एक, खाती दोन. गृहीतक मात्र बव्हंशी तेच राहिले आहे.

सी. टी. एस. एस. मध्ये उपयोजकाची ओळख दोन अंगांची होती : एक क्रमांक कामाचा व दुसरा प्रोग्रामरचा. तिची वारस असलेल्या मल्टिक्स ह्या प्रणालीने, जिचे काम १९६५ च्या सुमारास सुरू झाले, हीच कल्पना अधिक सुबक केली. तेथे उपयोजकाचे नाव 'व्यक्ती' व 'प्रकल्प' ह्या दोन पदांचे असे व त्यांमध्ये एक टिंब असे. तोच मनुष्य दोन प्रकल्पांत असल्यास पहिले पद स्थिर राही, दुसरे बदले. फाइल कोणी पाहावी हे दोन्ही पदे लक्षात घेऊन ठरविता येई. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर धातू कायम ठेवून प्रत्यय बदलण्यासारखी ही व्यवस्था होती. आज दोन खात्यांची जी तारांबळ चालते, तिचे बरेचसे निराकरण ह्या एका टिंबात झाले होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मल्टिक्समधून बाहेर पडलेल्या बेल प्रयोगशाळेतील मंडळींनी १९६९ पासून युनिक्स उभारली व ही समासरचना सोडून दिली. एक लॉगिन-नाव, त्यामागे एक अंक, आणि जोडीला गट, एवढ्यावर त्यांनी काम भागविले. साधेपणा हा युनिक्सचा गुण खराच. पण त्यात प्रकल्पाचे पद गळले. तथापि डेनिस रिची ह्यांनी एक मार्मिक भेद राखला. चालू प्रोग्रामला एक खरी ओळख असते व एक परिणामकारक ओळख असते, म्हणजे चालविणारा एक व अधिकार दुसऱ्याचा. ह्या युक्तीस १९७९ साली पेटंटही मिळाले.

एडिटरात लेखकाचे नाव केव्हा शिरले? १९८५ च्या ग्नू इमॅक्समध्ये बदलांच्या नोंदवहीत तारीख, पूर्ण नाव व ई-मेल पत्ता आपोआप लिहिण्याची सोय रुजली, आणि हे नाव लॉगिनहून निराळे असू शके. आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या त्या काळच्या प्रणाली, उदाहरणार्थ वॉल्टर टिची ह्यांची आर. सी. एस., लेखकाच्या जागी लॉगिन-नावच घेत. ही प्रथा मोडली ती गिटने.

लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहिले ते लिनक्सच्या गरजेपोटी. तेथे बदल लिहिणारा कोणी एक असतो, तो टपालाने पाठवितो, आणि मूळ भांडारात दाखल करणारा दुसराच असतो. म्हणून गिटच्या प्रत्येक कमिटवर लेखक व दाखल करणारा अशी दोन नावे नोंदली जातात. त्याआधी, २००३ मधील एस. सी. ओ. कंपनीच्या दाव्यानंतर, २००४ साली लिनक्सने तिसरी एक ओळ रूढ केली होती. तीत पाठविणारा आपल्या नावानिशी ह्या मजकुरावर आपला हक्क असल्याची ग्वाही देतो. अर्व्हिंग गॉफमन ह्यांनी १९७९ च्या आपल्या निबंधात 'वक्ता' ह्या एका संज्ञेची तीन शकले केली होती : उच्चारणारा, रचणारा, आणि ज्याची भूमिका त्या शब्दांनी प्रस्थापित होते तो धनी. ह्या दोन विभागण्या तंतोतंत जुळतात असे नाही. परंतु भाषाव्यवहाराच्या अभ्यासकाने जो भेद निरीक्षणाने काढला, तोच भेद प्रोग्रामरांना कामाच्या रेट्याने करावा लागला, हे लक्षणीय होय.

परंतु गिट ही नावे पडताळून पाहत नाही. उपयोजकाने मांडणीच्या फाइलीत जे नाव व जो पत्ता लिहिला असेल, तोच कमिटवर उमटतो. शिवाय कमिटचा सांकेतिक ठसा ह्या नाव-पत्त्यासह काढला जातो. म्हणून चुकीच्या पत्त्याने झालेले एक जुने कमिट सुधारावयाचे तर त्यापुढील सर्व कमिटांचे ठसे बदलतात. रविवारी घरी बसून केलेल्या खासगी कामावर कचेरीचा पत्ता, किंवा मालकाच्या भांडारात स्वतःचा घरगुती पत्ता, असा प्रकार एकदा घडून सर्वांच्या हाती गेला की तो प्रायः तसाच राहतो. मे २०१७ मधील गिटच्या २.१३ ह्या आवृत्तीत ह्यावर एक उतारा आला : भांडार कोणत्या निर्देशिकेत आहे हे पाहून वेगळी मांडणी लागू करता येऊ लागली. पुढे २०२२ मध्ये दूरस्थ भांडाराच्या पत्त्यावरूनही तसे करता आले. मल्टिक्समधील प्रकल्पाचे पद येथे मागील दाराने परत आले असे म्हणावयास हरकत नाही.

२००८ साली सुरू झालेल्या गिटहबमुळे गुंतागुंत वाढली. आता कमिटवरील नाव निराळे आणि ते भांडारात पोहोचविण्याचा अधिकार असलेले खाते निराळे. एक एस. एस. एच. किल्ली गिटहबवर एकाच खात्यास जोडता येते. सबब दोन खाती म्हणजे दोन किल्ल्या, व कोणती किल्ली केव्हा लावावयाची ह्यासाठी यजमानाच्या नावाचे टोपणनाव करण्याची खटपट. ऑगस्ट २०२१ मध्ये गिटच्या व्यवहारांसाठी पासवर्ड बंद झाल्यावर ह्या खटपटीस पर्याय म्हणून टोकन तेवढे उरले. गिटहबचा स्वतःचा सल्ला मात्र एका व्यक्तीने एकच खाते ठेवावे व कामांचे वेगळेपण संघटनांनी दाखवावे असाच होता, आणि तो मल्टिक्सच्या परंपरेला धरून होता. त्याला छेद दिला तो मोठ्या कंपन्यांच्या गरजेने. २०२१ पासून कंपनीच्या ताब्यात राहणारी खाती निघाली. अशा खात्यास कंपनीबाहेरच्या भांडारांत सहभागी होता येत नाही. ज्यास मुक्त प्रकल्पांतही लिहावयाचे आहे, त्याला दुसरे खाते ठेवणे भाग पडले. दुहेरी ओळख ही प्रोग्रामरची लहर नसून नोकरीच्या अटींचे अपत्य आहे, हे ह्यावरून दिसून येईल.

एडिटरवर हा भार सर्वांत शेवटी पडला. २०१५ साली प्रसिद्ध झालेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड आरंभी कोणाच्याच नावाने चालत नसे. २०२० मध्ये मांडणी अनेक यंत्रांवर सारखी ठेवण्याची सोय आली व तिजबरोबर साइन-इन आले. २०२२ साली कोपायलट सर्वांस खुला झाला, तेव्हा खात्याचा पुन्हा मूळ अर्थाने, म्हणजे हिशेबाच्या अर्थाने, संबंध आला : वर्गणी एका खात्यावर, भांडार दुसऱ्या. २०२३ च्या आरंभी प्रोफाइल आली. परंतु प्रोफाइल म्हणजे मांडणी व विस्तार ह्यांचा संच. ती बदलल्याने कमिटवरील नाव आपोआप बदलत नाही, आणि ह्या नामसादृश्याने पुष्कळांची फसगत होते. त्याच वर्षाअखेर गिटहबच्या संकेतस्थळावर खाती पालटण्याची सोय झाली, आणि २०२४ मध्ये एडिटरात एकाच वेळी अनेक गिटहब खात्यांनी साइन-इन करणे व कोणत्या विस्ताराने कोणते खाते वापरावे हे ठरविणे शक्य झाले. म्हणजे निवड आता व्यक्तीगणिक नव्हे, तर विस्तारागणिक होते.

आपल्या देशात ह्या तपशिलास कायद्याचे वजन आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ प्रमाणे नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा प्रथम स्वामी, उलट करार नसल्यास, मालक होय; आणि १९८४ च्या दुरुस्तीने संगणक-प्रोग्राम वाङ्मयकृतींत गणला गेला. पुण्यात वा बंगळुरात नोकरी करून रात्री मुक्त प्रकल्पासाठी लिहिणाऱ्या माणसाच्या कमिटवर कोणता पत्ता उमटला, ह्याने स्वामित्व ठरत नाही. पण वाद उपस्थित झाल्यास प्रथम बोट त्याच पत्त्याकडे दाखविले जाईल.

आमच्या विभागात कमिटांचे संदेश भाषिक सामग्री म्हणून अभ्यासण्याकडे विद्यार्थ्यांचा कल वाढतो आहे. त्यांनी पत्ते मोजून लेखक मोजू नयेत. दोन पत्ते एकाच व्यक्तीचे असू शकतात, आणि नाव विवाहाने वा अन्य कारणाने बदललेले असू शकते. लिनक्सच्या भांडारात 'मेलमॅप' नावाची एक फाइल आहे. तीत जुनी व नवी नावे-पत्ते एकमेकांशी जोडलेले असतात. कमिटे जशीच्या तशी राहतात; गणना करणारा प्रोग्राम वाचताना तेवढी ही फाइल शेजारी ठेवतो. कोणत्याही भांडाराची सामग्री घेण्यापूर्वी ती फाइल आहे किंवा कसे, हे प्रथम पाहावे.